पाच ओळींची वही

प्रश्न घणसोलीहून आला आहे. लिहिणाऱ्या ताईंच्या मिस्टरांची रबाळे एमआयडीसीतली नोकरी सात महिन्यांपूर्वी गेली. कंपनीने शटर ओढलं, शेवटचा पगारही अडकला. मुलगी दहावीला आहे, ताई घरी शिकवण्या घेतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलं आणि मोबाइलवरही पाहिलं म्हणून त्या रोज रात्री वहीत पाच गोष्टी लिहितात, ज्यांबद्दल देवाचे आभार मानायचे. त्याला तीन महिने झाले. 'पहिल्या आठवड्यात बरं वाटलं,' त्या लिहितात, 'आता नुसती यादी होते. पंखा, पाणी, गॅस, मुलगी, तब्येत. काल परत पंखा लिहिला. नवरा शेजारी भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि मी पंख्याबद्दल देवाचे आभार मानते. मी देवाशी खोटं बोलते आहे का? माझा विश्वास कमी पडतो आहे का? आणि याने माणूस खरंच सुखी होतो, की हे नुसतं सांगायला?'

ताई, सलाम.

मी तीस वर्षं चर्चचा पाळक, म्हणजे पाद्री, होतो. त्यातली एकोणीस ठाण्यात आणि खाडीच्या या बाजूला, ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यात गेली. उपकारस्तुतीवर, म्हणजे देवाचे आभार मानण्यावर, किती उपदेश दिले त्याचा हिशेब नाही. त्यातले निम्मे आज परत घ्यावेसे वाटतात. का ते पुढे येईलच.

तुमचा शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेतो. हो, आभार मानल्याने माणसाला बरं वाटतं, आणि हे एकटे पाळकच सांगतात असं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या मुलांचे तीन गट पाडले. एका गटाने दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते टिपायचं. दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या एकूण आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. तुमची पाचची यादी बहुधा तिथूनच फिरत फिरत तुमच्या मोबाइलपर्यंत पोचली आहे.

वाटेत मात्र दोन गोष्टी गळाल्या. एक, सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. म्हणजे तुम्ही रोज घेता तो डोस जास्त आहे. पहिल्या आठवड्यात बरं वाटणं आणि मग ते ओसरणं याचा तुमच्या विश्वासाशी काही संबंध नाही. मन कशालाही सरावतं, आशीर्वादांनाही. दोन, २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, ज्याचे आभार मानायचे कधीचे राहून गेलेत अशा माणसाला पत्र लिहा आणि स्वतः जाऊन त्याच्या हातात द्या. त्यांनी तपासलेल्या सगळ्या युक्त्यांत आनंदाची सगळ्यांत मोठी उडी यातच दिसली. एक महिना टिकली, तीन महिन्यांनी उतरली होती.

जाऊन देणं हा भाग लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे, आणि तोही दोन हजार वर्षं जुन्या गोष्टीत.

आता आपल्या बायबलमधला शब्द. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा,' असं प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो. 'आभार' हा सुटसुटीत शब्द सोडून इथे हा लांबलचक शब्द आला, हे माझ्या मते फार बरं झालं. आभारात भार आहे. आणि मराठी माणसाचं आभाराशी नातं तसंही अवघडलेलं असतं. घरात आपण आभार मानत नाही. 'थँक्यू काय म्हणतेस, आपण परके आहोत का?' बाहेरच्यांचे मानतो ते कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर, आभारप्रदर्शन म्हणून. आणि कोणी खरीखुरी मोठी मदत केली की पोटात गोळा येतो. आता याचे मिंधे झालो. हे फेडणार कधी? दिराने अडीअडचणीला पैसे दिले की त्या दिवसापासून भावजय त्याच्याशी जपून बोलायला लागते. आपल्याकडे उपकार हा कर्जाचा सख्खा भाऊ. तो घरात आला की माणूस मोकळेपणाने हसतसुद्धा नाही.

तुमच्या घरात सध्या कोण कोण मदत करतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण सात महिने पगार नाही आणि घर चाललंय म्हणजे कोणीतरी करत असणार. माहेरचं, शेजारचं, मंडळीतलं. त्यांतलं एकही नाव तुमच्या पाच ओळींत आलेलं नाही, हे वाचताना माझ्या लक्षात आलं. पंख्याचे आभार मानणं सोपं जातं, कारण पंखा मिंधं करत नाही.

ख्रिस्ती विश्वासाचं म्हणणं नेमकं या मिंधेपणाबद्दल आहे. ग्रीकमध्ये आभाराला 'युखरिस्तिया' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात 'खारिस' आहे, म्हणजे कृपा. कृपा म्हणजे जी फेडता येत नाही आणि फेडावी अशी देणाऱ्याची अपेक्षाही नसते. मग घेणाऱ्याने करायचं काय? देणाऱ्याचं नाव घ्यायचं, तोंडाने, चारचौघांत. फेडीच्या जागी स्तुती. उपकारस्तुती हा जोडशब्द मला म्हणून आवडतो. उपकार म्हटल्यावर मान खाली जाणार तोवर स्तुती ती वर उचलते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. ते लांबूनच ओरडतात, येशू सांगतो, जा, स्वतःला याजकांना, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांना, दाखवा. वाटेत जाता जाता ते शुद्ध होतात. एक परत फिरतो, मोठ्याने देवाचं गौरव करत येतो आणि येशूच्या पायाशी पडतो. तो शोमरोनी असतो, यहुद्यांच्या दृष्टीने परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो.

ही गोष्ट ऐकवताना आम्ही पाळक त्या नऊ जणांना फार झोडपतो. मीही झोडपलं आहे. पण नीट वाचलं तर नऊ जणांनी काही वाईट केलेलं नाही. त्यांना याजकाकडे जा म्हटलं होतं, ते गेले. नियमशास्त्रात लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात शुद्धीकरणाची सगळी पद्धत दिलेली आहे; याजकाने तपासायचं, पक्षी आणायचे, कपडे धुवायचे, आठव्या दिवशी अर्पण करायचं. इतकी वर्षं गावाबाहेर काढल्यावर घरी जायची घाई कोणाला नसेल? ते यादीप्रमाणे चालले होते. तुमच्या-माझ्यासारखेच.

आणि आणखी एक गोष्ट. परत न फिरल्यामुळे त्या नऊ जणांचा रोग उलटला असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यांची कातडी त्या दहाव्याइतकीच स्वच्छ राहिली. देव आभाराची पावती बघून देत नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण हल्ली वेगळंच ऐकू येतं. आधीच थँक्यू म्हणून टाका, मग देव देतो. नोकरी मिळाल्याबद्दल आजच उपकारस्तुती करा, म्हणजे नोकरी आलीच. हे कूपन आहे, उपकारस्तुती नव्हे. नोकरी आली नाही की त्या बिचाऱ्या माणसाला वाटतं, आपलंच थँक्यू कमी पडलं. तुमच्या पत्रातल्या 'विश्वास कमी पडतो आहे का' या ओळीला मला तोच वास आला.

मग दहाव्याला जास्तीचं काय मिळालं? येशू त्याला म्हणतो, ऊठ, जा, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. बरा तर तो आधीच झाला होता. पण बाकीच्या नऊ जणांना फक्त कातडी मिळाली, याला माणूस भेटला. देणाऱ्याचा चेहरा जवळून बघायला मिळाला. गावाबाहेर राहणाऱ्याला, ज्याच्यापासून सगळे दहा हात लांब राहायचे त्याला, कोणाच्या तरी पायाला हात लावता आला. सुखाचा भाग मला विचाराल तर तो इथे आहे, या परत चालत येण्यात. सेलिगमन यांच्या पत्रवाल्यांनाही घरी बसून पत्र लिहिण्यावर थांबू दिलं नव्हतं.

आता ते निम्मे उपदेश.

पाळक होऊन दोनच वर्षं झाली होती. महापालिकेच्या एका रुग्णालयात आमच्या मंडळीतल्या एका बाईंचं नऊ दिवसांचं बाळ गेलं. मी पोचलो तेव्हा त्या बाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात लोकरीची टोपी, झबलं, एक न फोडलेलं डायपरचं पाकीट. मी शेजारी बसलो, बायबल उघडलं आणि सेमिनरीतून ताजा बाहेर पडलेला माणूस करील तेच केलं. 'बाई, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं प्रभूचं वचन आहे.' त्या माझ्याकडे वळल्या. राग नव्हता चेहऱ्यावर. खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, 'पाळकसाहेब, कशाबद्दल?'

मला उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्यांच्या सासूबाईंनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला. रात्रभर जागलेल्या त्या म्हातारीने, मला. तो मी प्यालो, आणि त्याचेही आभार मानायचं मला सुचलं नाही.

'कशाबद्दल' हा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे. पौलाचे ग्रीक शब्द आहेत 'एन पांती', सर्व गोष्टींमध्ये, सर्व स्थितीत. सर्व स्थितीबद्दल असं तो इथे म्हणत नाही. बाळ गेल्याबद्दल देवाचे आभार माना असं सांगायचा अधिकार या वचनाने मला दिलेलाच नव्हता. यावर एखादा जाणकार म्हणेल, इफिसकरांच्या पाचव्या अध्यायात तर सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करा असंच आहे. आहे. पण ते वाक्य एकत्र जमून स्तोत्रं गाणाऱ्या मंडळीबद्दलच्या परिच्छेदात येतं, आणि ते लिहिणाऱ्या पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासाबद्दल, काय केलं ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात वाचा. तो काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. आधी थँक्यू म्हटलं नाही.

आणि पौलाच्याही वरचं उदाहरण हवं तर गुरुवारची रात्र बघा. शेवटच्या भोजनाला येशू प्याला घेतो, उपकारस्तुती करतो आणि शिष्यांना देतो. काही तासांनी गेथशेमाने बागेत तोच येशू तोंडावर पडून म्हणतो, हे बापा, शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. एका प्याल्याबद्दल उपकारस्तुती, दुसरा टळावा म्हणून विनवणी. एकाच रात्री, एकाच तोंडाने. कॅथलिक मिस्साला, म्हणजे आपल्या मुख्य उपासनेला, 'युखरिस्त' म्हणतात, आपण प्रभुभोजन म्हणतो; ते त्या रात्रीचं जेवण आहे हे विसरून चालणार नाही. ज्याने वधस्तंभाबद्दल आभार मानले नाहीत, तो तुम्हाला तुमच्या मिस्टरांची नोकरी गेल्याबद्दल आभार मानायला लावणार नाही.

पिसवांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, मंडळ्यांमधून फार सांगतात. नाझींच्या रावेन्सब्रुक छावणीत कोरी टेन बूम आणि तिची बहीण बेट्सी होत्या. बराकीत पिसवांचा बुजबुजाट. बेट्सी म्हणाली, पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू. कोरीला पटेना. पुढे कळलं की पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी आत येत नव्हते, म्हणून बायकांना बायबल वाचता येत होतं. उपदेशक इथे थांबतात, लोक 'आमेन' म्हणतात. पण बेट्सी त्याच छावणीत डिसेंबर १९४४ मध्ये वारली, आणि त्या मरणाचा असा नीटस उलगडा कधी झाला नाही. मी गोष्ट सांगायची सोडली नाही. तेवढं पुढचं वाक्य जोडायला लागलो. ते जोडल्यावर बेट्सीचं पिसवांबद्दल आभार मानणं मला जास्त खरं वाटतं, कारण शेवट गोड होणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

तक्रारीबद्दल थोडक्यात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली किती तरी उघड रडगाणी आहेत. तेरावं स्तोत्र 'किती काळ' असा चार वेळा प्रश्न विचारतं, मग सहाव्या वचनात गाऊ लागतं. अठ्ठ्याऐंशीवं तर गातच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याचे आभारही मनापासून मानता येत नाहीत, हे नवरा-बायकोला वेगळं सांगायला नको. तुम्ही देवाशी खोटं बोलत नाही आहात. अर्धंच बोलत आहात.

एक प्रकार मात्र जरूर टाळा. आपल्या घरांतून तो लहानपणापासून पाजतात. 'तुला चपला नाहीत म्हणून रडतेस? त्या माणसाला बघ, पायच नाहीत.' ही कृतज्ञता दुसऱ्याच्या तुटलेल्या पायांवर उभी असते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात नेमकी हीच उपकारस्तुती करतो: देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून तुझे आभार. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

तर मग करायचं काय? जुन्या करारातली एक तरतूद मला फार आवडते आणि ती सहसा कोणी वाचून दाखवत नाही. लेवीयाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचा नियम आहे. बळीबरोबर भाकरी आणायच्या, आणि मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं. सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवस फेडताना आणलेलं दुसऱ्या दिवशी खाल्लं तरी चालतं, हे नाही. आता एक अख्खा बोकड आणि इतक्या भाकऱ्या एका दिवसात एक कुटुंब कसं संपवणार? चार माणसं बोलवावीच लागणार, आणि जेवताना ती विचारणारच, काय झालं, कशाबद्दल? मग सांगावं लागणार. नियमाने उपकारस्तुतीला फ्रीजमध्ये ठेवायची सोयच ठेवलेली नाही.

आमच्यात अजून ते शिल्लक आहे. ऑपरेशन पार पडलं, नवं घर झालं, मुलगा पास झाला की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, दोन गाणी, वचन, साक्ष आणि मग वडा-चहा. ठाण्यातल्या ईस्ट इंडियन कॅथलिकांचा आगेरा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात आणि मग त्या वाटतात. एक ईस्ट इंडियन स्नेही मला दर वर्षी ओढून नेतात. त्यांच्या वाडवडिलांच्या शेतांवर आज टॉवर उभे आहेत, बिल्डरशी भांडण अजून कोर्टात आहे, आणि ते दोन-तीन लोंब्या शर्टाच्या खिशाला पेनासारख्या लावून फिरतात. एकदा मी विचारलं, शेत कुठे राहिलं आता? म्हणाले, 'भात खाता ना रोज? कोणीतरी पिकवतंयच की.' घरी आल्यावर त्यांच्या मिसेसनी फुगे तळले होते. मी सात खाल्ले.

आणि आमच्या मंडळीत एक आजी होत्या, रुग्णालयात आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे रविवारी सेक्रेटरी उपकारस्तुतीची दानं वाचून दाखवतात: अमुक यांच्याकडून नातवाच्या वाढदिवसानिमित्त पाचशे एक, तमुक यांच्याकडून गाडी घेतल्याबद्दल हजार एक. आजींचं पाकीट दर रविवारी असायचं. जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून परत चिकटवलेलं, आत अकरा रुपये, आणि वर थरथरत्या अक्षरात कारण. 'गुरुवारी सुनेने पाठ चोळून दिली.' 'टीएमटीच्या कंडक्टरने उतरेपर्यंत बस थांबवली.' 'दुसऱ्या मजल्यावरच्या मुसलमान बाईने रात्री दवाखान्यात नेलं.' सेक्रेटरी वाचायचे आणि लोक हसायचे. पाठ चोळल्याचं वाचलं त्या रविवारी सून पाचव्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. सासू-सुनेचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नव्हता, अख्ख्या मंडळीला माहीत होतं.

आजींच्या पाकिटांत एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. प्रत्येक कारणात माणूस होता. देवाला दिलेल्या दानावर माणसाचं नाव. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणे पुढच्या ईदला शीरखुर्मा घेऊन आल्या आणि विचारत होत्या, चर्चमध्ये माझं नाव वाचलं हे खरं का?

तर ताई, तुमच्या वहीबद्दल. रोज पाच लिहू नका. आठवड्यातून एकदा एकच लिहा, पण सविस्तर, आणि त्यात देणारा असू द्या. बाकीचे दिवस नुसता दिवस आठवा. लोयोलाच्या इग्नाशियसने सोळाव्या शतकात संध्याकाळच्या आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली. मिळालेल्याबद्दल आभार आधी, चुकांचा हिशेब नंतर. मी प्रोटेस्टंट, तो जेज्विट या कॅथलिक संघाचा, पण चांगली गोष्ट उसनी घ्यायला लाज कसली. मी ऐरोलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये ते करायचो, सकाळपासून एकेक तास मागे वळून बघत. गर्दीत डोळे मिटले की लोकांना वाटतं झोपलाय, कोणी त्रास देत नाही.

आणि तो पंखा. तुमच्या खोलीतला पंखा बसवला कोणी? तुमचे मिस्टर कारखान्यात काम करणारे, म्हणजे बहुधा स्टुलावर चढून त्यांनीच बसवला असेल, किंवा त्यांच्या पगारातून तरी आला असेल. तो माणूस तीन महिने पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि पंख्याचे आभार वर परस्पर देवाकडे चाललेत. ज्याची नोकरी गेली त्याला 'सगळं ठीक होईल' हे दिवसातून चार वेळा ऐकू येतं. 'तुम्ही त्या उन्हाळ्यात रात्री अकराला पंखा बसवला होता, मुलीला ताप होता, आठवतं?' हे कोणी बोलत नाही. बोलून बघा. लगेच काही होईल अशी अपेक्षा ठेवू नका. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर मी बायकोला पहिल्यांदा चहाबद्दल धन्यवाद म्हटलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावून पाहिला होता.

पण बोलणं एक आणि आजार एक. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही तोंडातून निघत असेल, तर उपकारस्तुती बाजूला ठेवा आणि त्यांना डॉक्टरकडे न्या. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, तिथे दाखवायला कोणी वेडं असावं लागत नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे. रात्री फोन करायची वेळ आली तर आधी हा नंबर फिरवा, मग मला.

अडकलेला पगार सोडू नका. 'जे आहे त्यात समाधान मानावं' असं तुम्हाला कोणीतरी सांगेल, कदाचित बायबल हातात धरून. त्यांना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून द्या. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानांपर्यंत पोचली आहे, असं तिथे चौथ्या वचनात आहे. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज करा, पोच घ्या, बरोबरच्या कामगारांना एकत्र घेऊन जा. पगार आणि घरभाड्याची कागदपत्रं आमच्या मंडळीतले एक निवृत्त कारकून तपासून देतात, रविवारी उपासनेनंतर मागच्या बाकावर बसलेले असतात.

वही फेकू नका. उलटी करा आणि मागच्या पानापासून तक्रारी लिहायला लागा, देवाला उद्देशून, हवं त्या भाषेत. पुढून उपकार, मागून तक्रारी. माझ्याकडे तशी एक वही आहे, दोनशे पानी. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मागची बाजू बरीच पुढे सरकली आहे.